माफीनाम्यातला कर्ता आणि रजिस्टरमधले रिकामे रकाने

जून २०२१. लॉकडाऊन चालू होता आणि आमच्या विभागाचा जर्नल क्लब ऑनलाइन भरायचा. त्यात मी एक स्लाइड दाखवली होती, शीर्षक होतं 'कॅनडातल्या शाळेत रडारने शोधले २१५ मृतदेह'. माझा विषय उथळ भूभौतिकी, म्हणजे जमिनीच्या वरच्या काही मीटरांत काय आहे ते न खणता बघायचं. आपल्या क्षेत्रातलं यंत्र जगभरच्या बातम्यांत आलंय म्हणून मी जाम उत्साहात होते. गाइड मॅडमनी स्लाइड पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "रडारने नेमकं काय मोजलं? मृतदेह मोजणारं रडार तर मी अजून पाहिलेलं नाही."

मी गप्प बसले. मूळ निवेदन मी वाचलंच नव्हतं, फक्त बातमी वाचली होती.

नंतर भरपाई म्हणून वाचायला बसले आणि रडारपासून सुरू झालेलं वाचन चर्चच्या माफीनाम्यांपर्यंत गेलं. कॅनडातल्या चार मोठ्या चर्चनी मूलनिवासींची वेगवेगळ्या वेळी माफी मागितली आहे. त्या माफ्यांचं संशोधकाच्या नजरेनं काय मोल आहे, ते आज लिहायचंय. जे पेट देऊन मुलाखतीची वाट बघतायत, त्यांनी तर हे वाचाच. 'स्रोत तपासा' हे मेथडॉलॉजीच्या पेपरात सगळेच लिहितात. तो तपासला नाही की काय होतं, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं.

आधी यंत्राबद्दल थोडं. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार जमिनीत रेडिओ लहरी सोडतं. दोन थरांचे विद्युत गुणधर्म वेगळे असतील तिथून लहर परत येते. खड्डा खणून पुन्हा बुजवला की मातीचे मूळ थर तुटतात आणि ती तुटलेली जागा रडारला दिसते. हाडं सहसा ओळखू येत नाहीत. झाडाची मुळं, दगड, जुने चर, पाइप हेही दिसतात. आमच्याकडे काळ्या मातीत तर लहर मीटरभरही जात नाही, चिकणमाती सगळा सिग्नल पिऊन टाकते. म्हणून आकार, खोली, दिशा, रांग हे सगळं जुळवून 'इथे थडगं असण्याची शक्यता आहे' इतकंच म्हणता येतं.

ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्सच्या निवासी शाळेजवळ सफरचंदाची जुनी बाग होती, तिथे हेच झालं. सर्वेक्षण सेरा ब्यूल्यू या मानवशास्त्रज्ञ बाईंनी केलं, सुमारे दोन एकरांत. मे अखेरीस आकडा जाहीर झाला २१५. त्या जागेवर पूर्वी झालेलं खोदकाम लक्षात घेऊन जुलैमध्ये त्यांनी तो २०० वर आणला आणि 'संभाव्य दफनं' हेच शब्द वापरले. पण तोवर जगभर 'सामूहिक कबर' हा शब्द पसरला होता. पुढे काही लोकांनी त्याच शब्दाला धरून उलटा प्रचार सुरू केला, की बघा, एकही सांगाडा निघाला नाही, म्हणजे सगळं खोटं. माझी ती स्लाइड या प्रचारकांना आयतीच सापडली असती.

दोन्ही बाजू यंत्राकडे असा प्रश्न घेऊन जातात ज्याचं उत्तर यंत्राकडे नाही. मातीखाली कोण आहे, कधी गेलं, कशानं गेलं हे रडार सांगत नाही. ते कागद सांगतो. आणि त्यातले बरेच कागद चर्चच्या कपाटात होते.

हे कागद चर्चकडे का, हे समजायला थोडा इतिहास लागतो. १८८० च्या दशकापासून ते १९९० च्या दशकापर्यंत दीड लाखावर मूलनिवासी मुलं या शाळांत गेली. पैसा आणि धोरण सरकारचं, रोजचा कारभार चर्चचा. शाळांपैकी जवळपास साठ टक्के रोमन कॅथलिक संस्थांकडे होत्या, उरलेल्या अँग्लिकन, युनायटेड आणि प्रेस्बिटेरियन चर्चकडे. १९२० च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर मुलांना पाठवणं सक्तीचं करता येऊ लागलं. भाषा बोलली म्हणून मार, केस कापणं, नावं बदलणं, लैंगिक अत्याचार, उपासमार हे सगळं सत्य आणि समेट आयोगाने साक्षींसकट नोंदवलं आहे.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हिशोबाचा एक तपशील. १८९२ पासून सरकार शाळांना दरडोई अनुदान द्यायला लागलं. पटावर जितकी मुलं तितके पैसे. हे गणित आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको, पटपडताळणीची आठवण अजून ताजी आहे. फरक इतकाच की तिथे पट भरायला क्षयानं आजारी असलेली मुलंही घेतली गेली. निरोगी मुलं त्यांच्याच शेजारी झोपत होती, आणि अनुदान इतकं तुटपुंजं की खाणं आणि इमारत दोन्हींत काटकसर.

१९०७ मध्ये सरकारचेच वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी पश्चिमेकडच्या प्रेरी भागातल्या पंधरा शाळांची माहिती मागवली. आलेल्या उत्तरांवरून, या शाळांत शिकलेल्यांपैकी जवळपास २४ टक्के मुलं मरण पावली होती. आता नीट बघा. एका शाळेनं अगदी पूर्ण आणि अचूक माहिती दिली होती. तिचा आकडा आला ६९ टक्के, आणि ही मोजणी शाळा सोडून गेलेल्या मुलांची होती. म्हणजे नोंद जितकी पूर्ण तितका मृत्यूदर जास्त. सांख्यिकीच्या तासाला आपण शिकतो की गहाळ डेटा दर वेळी योगायोगानं गहाळ नसतो. त्याचं यापेक्षा भयंकर उदाहरण मला माहीत नाही. ब्राइस यांच्या शिफारशी बाजूला ठेवल्या गेल्या, आणि १९२२ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीबाहेर पडल्यावर स्वतः पुस्तिका छापली.

आयोगाने २०१५ मध्ये जे मोजलं तेही याच धाटणीचं. मृत्यूंच्या नोंदी सापडल्या सुमारे ३,२००. त्यातल्या ३२ टक्के नोंदींत मुलाचं नाव नाही. २३ टक्क्यांत मुलगा की मुलगी ते नाही. ४९ टक्क्यांत मृत्यूचं कारण नाही. अनुदानासाठी मुलं हजर किती हे दर तिमाहीला कळवणाऱ्या व्यवस्थेला मेलेल्या मुलाचं नाव लिहायला जमलं नाही. त्यातच १९३६ ते १९४४ या काळात सरकारी खात्याच्या सुमारे दोन लाख फायली नष्ट केल्या गेल्या. सरकारी प्रत गेली की दुसरी प्रत बघायची. ती होती चर्चकडे.

आता माफीनामे. मी ते एका खटपट्या विद्यार्थिनीसारखे वाचले, पेन घेऊन. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण ते अधोरेखित केलं. शाळेत व्याकरणाला आपण हे करायचो, इथे फारच उपयोगी पडलं.

पहिला युनायटेड चर्चचा, ऑगस्ट १९८६, सडबरी. तेव्हाचे मॉडरेटर रॉबर्ट स्मिथ यांनी तो वाचला. आमची सभ्यता तुमच्यावर लादली, आमची पाश्चात्त्य संस्कृती आणि शुभवर्तमान यांची गल्लत केली, तुमचं अध्यात्म ऐकून घेतलं नाही, असा त्याचा आशय. यातला कर्ता 'आम्ही' आहे, ही मोठी गोष्ट. भाषाही साधी. पण निवासी शाळा हा शब्दच त्यात नाही. म्हणजे कर्ता आहे, कर्म गाळलंय. मूलनिवासी ज्येष्ठांनी तो माफीनामा ऐकला, त्याची पोच दिली, पण स्वीकारला नाही. १९८८ मध्ये त्यांचं औपचारिक उत्तर आलं तेही असंच, पोच आहे, स्वीकार नाही, आधी तसं वागून दाखवा. सडबरीला या प्रसंगाची आठवण म्हणून दगडांचा एक ढीग रचला होता. तो मुद्दाम अपुरा ठेवला गेला.

मला हे उत्तर कुठल्याही माफीनाम्यापेक्षा जास्त विचार करून दिलेलं वाटतं. आपल्याकडे 'दिलगिरी व्यक्त केली' म्हटलं की विषय मिटतो, समोरच्यानं काय म्हटलं हे बातमीत येतच नाही. इथे माफी मागणाऱ्याच्या हातून शेवटचा शब्द काढून घेतला.

याच चर्चने १९९८ मध्ये निवासी शाळांबद्दल स्पष्ट माफी मागितली. पण नुसता मजकूर वाचून थांबलात तर फसाल. त्याच सुमारास ब्रिटिश कोलंबियातल्या अल्बर्नीच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारांचा खटला चालू होता. व्यासपीठावर माफी, आणि कोर्टात युक्तिवाद की त्या कर्मचाऱ्याची जबाबदारी आमची नाही, सरकारची. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये जबाबदारी वाटली गेली, सरकार ७५ टक्के, चर्च २५ टक्के. चर्चच्या बाजूनं म्हणायचं तर विमा, वकील, दिवाळखोरीची भीती हे खरंच होतं. अँग्लिकन चर्चचा कॅरिबू हा धर्मप्रांत अशाच दाव्यांच्या खर्चामुळे २००१ च्या अखेरीस बंद पडला. तरी एकाच संस्थेची दोन तोंडं दोन दिशांना बोलत असतील तर संशोधकानं दोन्ही कागद शेजारी ठेवले पाहिजेत.

अँग्लिकनांचे प्रमुख मायकेल पीयर्स यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये मिनाकी इथे मागितलेली माफी मला या सगळ्यांत बरी वाटते. ती शाळांचं नाव घेते, आणि तुमच्याच मुलांना आम्ही आमच्यासारखं करायला निघालो होतो हे सरळ सांगते. प्रेस्बिटेरियनांचं १९९४ चं निवेदन माफीपेक्षा पापाची कबुली या धार्मिक साच्यातलं आहे. त्याचाही कर्ता 'आम्ही'च.

कॅथलिक चर्चचं तसं नाही. आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी ५८ वी फार काटेकोर होती. पोपनी वर्षभरात, कॅनडाच्या भूमीवर येऊन, या अत्याचारांतल्या चर्चच्या भूमिकेबद्दल माफी मागावी. वर्षाची सात वर्षं झाली. २५ जुलै २०२२ ला मास्कवासिस इथे पोप फ्रान्सिस यांनी माफी मागितली. म्हातारे, व्हीलचेअरवर, आणि त्या क्षणी मनापासून बोलत होते यात मला शंका नाही. तिथे जमलेले कित्येक जण रडले, त्या रडण्यावर मी इथून काय बोलणार. पण पेन घेऊन वाचलं तर कर्ता बदललेला दिसतो. माफी आहे ती चर्चच्या अनेक सदस्यांनी सरकारच्या धोरणांना केलेल्या सहकार्याबद्दल. संस्था म्हणून चर्च त्या वाक्यात नाही. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख त्या दिवशीच्या भाषणात नव्हता, तो नंतर क्वेबेकमध्ये आला. आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर यांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवलं. शाळांची कल्पना सरकारची आणि चर्च नुसतं मदतनीस, हे चित्र इतिहासाला धरून नाही. चर्चनी स्वतःहून या शाळा मागितल्या होत्या, चालवल्या होत्या.

पैशाकडे आलं की हे कर्त्याचं प्रकरण फक्त व्याकरणाचं उरत नाही. २००६ च्या तडजोड करारात कॅथलिक संस्थांनी तीन गोष्टी कबूल केल्या. २ कोटी ९० लाख डॉलर रोख, अडीच कोटींच्या सेवा, आणि आणखी अडीच कोटी देणग्यांतून उभे करण्यासाठी 'सर्वतोपरी प्रयत्न'. देणग्यांतून जमले सदतीस लाखांच्या आसपास. मग रोख रकमेच्या हिशोबावरून सरकारशी वाद झाला, प्रकरण सस्कॅचेवानच्या कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये कोर्टाने १२ लाख डॉलर भरून घेऊन या संस्थांना उरलेल्या बांधिलकीतून मोकळं केलं. 'सर्वतोपरी प्रयत्न' हा शब्द करारात होता, प्रयत्न झाले, संपलं. कायद्यानं हे बसलं. तेवढ्याच वर्षांत देशात नवी कॅथेड्रल उभी राहिली हे वर्तमानपत्रांनी दाखवून दिलं. कॅमलूप्सनंतर, सप्टेंबर २०२१ मध्ये, बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. म्हणजे पैसे उभे करणं अशक्य नव्हतं.

इथे 'समेट' या शब्दाबद्दल थोडं. रिकन्सिलिएशनला मराठीत आपण समेट म्हणतो, मीही वर म्हटलंय. पण समेट म्हटलं की दोन भाऊबंद बांधावरून भांडले आणि गावातल्या चार जणांनी बसवून मिटवलं, असं डोळ्यासमोर येतं. इथे बांधावरचं भांडण नव्हतं, एकाचं शेतच गेलं होतं. दुसरा चांगला शब्द मला सापडलेला नाही. तुम्ही या विषयावर मराठीत लिहिणार असाल तर हा शब्द वापरण्यापूर्वी एक परिच्छेद खर्च करा.

चर्च आज जे समाजात मिसळण्याचं काम करतात त्याबद्दल मी जरा साशंक आहे. चादरींचा एक उपक्रम प्रसिद्ध आहे. १९९७ मध्ये चर्चच्या एका आघाडीनं मूलनिवासींसोबत तो तयार केला. जमिनीवर चादरी अंथरतात, त्या म्हणजे देश. लोक त्यावर उभे राहतात, इतिहास वाचला जातो आणि एकेक चादर घडी होत जाते, शेवटी उभं राहायला जागा उरत नाही. कल्पना उत्तम. पण दोन तासांनी चादरी उचलून लोक चहा पितात, आणि आपण शिकलो असं वाटतं. आयोगाची ६१ वी शिफारस वेगळंच मागत होती. चर्चनी कायमचा निधी उभारावा आणि तो भाषा, उपचार, शिक्षण यांसाठी समुदायांच्या ताब्यात द्यावा. ताब्यात हा शब्द महत्त्वाचा. या शाळा चालवणाऱ्यांनाही आपण सेवाच करतोय असं वाटत होतं. त्यांची पत्रं वाचली तर हे जाणवतं आणि अंगावर येतं. सेवा कुणाच्या हिशोबानं चाललीय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

एका गोष्टीची मात्र नीट नोंद घ्यायला हवी, कारण इथे बसून आपण सहज चुकतो. कॅनडातले बरेच मूलनिवासी स्वतः ख्रिस्ती आहेत, काही कुटुंबं चार-पाच पिढ्यांपासून. २०२१ च्या उन्हाळ्यात अनेक चर्चना आगी लागल्या. त्यातली काही मूलनिवासींच्याच वस्तीतली होती, तिथल्या आज्यांनी ज्यात प्रार्थना केली ती. चर्च एकीकडे आणि मूलनिवासी दुसरीकडे अशी सरळ रेघ मारता येत नाही. १९८६ ची माफी मागा असं युनायटेड चर्चला सांगणारेही त्याच चर्चचे मूलनिवासी सभासद होते.

आणि हो, हे वाचताना आपल्या आश्रमशाळा आठवणारच. मलाही आठवल्या. पण त्या कायद्यानं मुलं हिसकावून नेणाऱ्या नव्हेत आणि चर्चच्या तर नव्हेतच. निवासी शाळा आणि आदिवासी मूल एवढं साम्य पाहून प्रबंधाचं प्रकरण लिहायला घेऊ नका. त्यावर वेगळा अभ्यास हवा, तिथल्या रजिस्टरांसकट.

रजिस्टरांकडेच परत येते. जून २०२१ मध्ये, कॅमलूप्सची शाळा चालवणाऱ्या ओब्लेट मिशनऱ्यांनी आपली कागदपत्रं खुली करण्याचं जाहीर केलं. तिथे शिकवणाऱ्या सेंट अ‍ॅन भगिनींनीही ब्रिटिश कोलंबियाच्या संग्रहालयाशी तसा करार केला. २०२२ मध्ये राष्ट्रीय सत्य आणि समेट केंद्राचे अभिलेखपाल रोमला जाऊन ओब्लेटांचे तिथले दप्तर बघून आले. युनायटेड चर्चनं आपल्या शाळांचा इतिहास आणि छायाचित्रं बऱ्याच आधी संकेतस्थळावर टाकली होती, त्याचं श्रेय द्यायला हवं. या मिशनऱ्यांच्या घरांत रोजनिशी लिहायची पद्धत होती. हवा कशी होती, कोण आलं, कोण आजारी पडलं, कुणाला पुरलं. बाप्तिस्म्याची आणि दफनाची नोंदवही वेगळी. सरकारी रकान्यात नाव नसलेलं मूल दफनाच्या वहीत नावानिशी सापडू शकतं. माझ्या दृष्टीनं पोपच्या भाषणापेक्षा हे कपाट उघडणं मोठं आहे, आणि ते भाषणाआधी चाळीसेक वर्षं उघडता आलं असतं. शाळा १९७८ मध्येच बंद झाली होती.

तांत्रिक बाजूनं पुढचं काम असं असतं. रडारच्या नकाशावरची प्रत्येक खूण घ्यायची. त्या जागेचे जुने नकाशे, चर, पाणीपुरवठ्याच्या लाइनी वजा करायच्या. उरलेल्या खुणा दफनवहीतल्या तारखांशी, मृत्यूदाखल्यांशी, घरच्यांच्या सांगण्याशी ताडून बघायच्या. खणायचं की नाही हे कुटुंबं आणि समुदाय ठरवतात, शास्त्रज्ञ नाही. काही समुदायांनी नको म्हटलंय, आणि त्यांचं 'नको' हाही त्या माहितीचाच भाग आहे. विज्ञानातून आलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं. माझ्या लॅबमध्ये यावर अर्धा तास वाद झाला होता. पडताळणी नाही तर निष्कर्ष नाही, असं एक ज्युनियर म्हणाला. मी म्हटलं, बरोबर, मग निष्कर्ष लिहू नकोस, 'संभाव्य' लिही आणि पुढचा कागद शोध.

ती स्लाइड मी फेकली नाही. दर वर्षी नव्या बॅचला तीच दाखवते, चुकीच्या शीर्षकासकट, आणि मॅडमनी मला विचारलेला प्रश्न त्यांना विचारते. यंदा एका मुलीनं उलट मलाच विचारलं, "मॅम, पण या २०० जागांपैकी कितींची नावं दफनवहीत आहेत?"

मूळ वह्यांची यादी कुठे बघायला मिळेल ते मी तिला शोधून द्यायचं कबूल केलंय.